खटला एकाचा, निकाल कुणाकुणाचा? थिंड, पंडित आणि अमेरिकेचं नागरिकत्व

गोदाकाठ | १४ डिसेंबर २०२५

गेलं वर्षभर इथल्या व्हिसाच्या धाग्यांवर एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. २० जानेवारीला जन्मसिद्ध नागरिकत्वाचा ट्रम्प यांचा आदेश निघाला (आईबाप तात्पुरत्या व्हिसावर किंवा बेकायदा असतील तर अमेरिकेत जन्मलेल्या मुलाला नागरिकत्व नाही), तीन दिवसांत सिअ‍ॅटलच्या न्यायाधीशांनी तो रोखला, जूनमध्ये सुप्रीम कोर्टाने "अशी देशभर स्थगिती देता येणार नाही" म्हटलं, जुलैत न्यू हॅम्पशायरच्या कोर्टाने वेगळ्या वाटेने तो पुन्हा अडवला. प्रत्येक बातमीनंतर कुणीतरी विचारतं की आता नक्की काय लागू आहे? आणि गाडी दरवेळी "पण तुम्ही त्या खटल्यात होतात का?" इथे येऊन अडते.

हा प्रश्न नवा नाही. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या हिंदी (म्हणजे हिंदुस्थानातून आलेल्या) लोकांची याच प्रश्नाने धूळधाण केली होती. तिकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर त्यातला अर्धाच भाग फिरतो, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

१७९० च्या कायद्याप्रमाणे बाहेरून येऊन अमेरिकेचं नागरिकत्व घ्यायचं तर माणूस गोरा हवा. यादवी युद्धानंतर १८७० मध्ये आफ्रिकन वंशाच्या लोकांची त्यात भर पडली. चिनी लोकांना १८८२ मध्ये नावानिशी वगळलं. हिंदी माणसाचं काय, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे सगळं ज्या त्या न्यायाधीशाच्या मर्जीवर. मुंबईचे एक पारशी गृहस्थ, भिकाजी फ्रामजी बलसारा, १९१० मध्ये न्यूयॉर्कच्या अपील कोर्टात गोरे ठरले. १९१३ मध्ये वॉशिंग्टन राज्यात अक्षयकुमार मजुमदार यांना उच्चवर्णीय हिंदू म्हणून नागरिकत्व मिळालं. दुसऱ्या गावात दुसरा न्यायाधीश असेल तर अर्ज फेटाळलाही जायचा.

मग आले भगतसिंग थिंड (आपले हुतात्मा भगतसिंग नव्हेत, हे वेगळे). पंजाबातून १९१३ मध्ये आले, ओरेगनच्या लाकडाच्या गिरण्यांत राबले, १९१८ मध्ये अमेरिकी सैन्यात भरती झाले. त्याच डिसेंबरात अंगावर गणवेश असतानाच नागरिकत्व मिळालं आणि चार दिवसांत काढूनही घेतलं. १९२० मध्ये ओरेगनच्या कोर्टाने पुन्हा दिलं. सरकार सुप्रीम कोर्टात गेलं.

सुप्रीम कोर्टात त्याच सुमाराला ताकाओ ओझावा यांचा खटला होता. ते वीस वर्षं अमेरिकेत राहिलेले, कॅलिफोर्नियात शिकलेले, घरात इंग्रजी बोलणारे. नोव्हेंबर १९२२ मध्ये न्या. जॉर्ज सदरलँड यांनी लिहिलं की गोरा म्हणजे कॉकेशियन, आणि जपानी माणूस कॉकेशियन नाही. थिंड यांच्या बाजूला वाटलं असेल, जिंकलो! कारण त्या काळचं मानववंशशास्त्र उत्तर हिंदुस्थानी लोकांना कॉकेशियनच म्हणायचं. तीन महिन्यांनी, १९ फेब्रुवारी १९२३ ला, त्याच सदरलँड यांनी एकमताचा निकाल लिहिला: शास्त्र काहीही म्हणो, रस्त्यावरचा सामान्य माणूस कुणाला गोरा समजतो ते महत्त्वाचं. थिंड हरले. सदरलँड स्वतः इंग्लंडमध्ये जन्मलेले, लहानपणी आईबापांबरोबर युटात आलेले. त्यांच्या गोरेपणाची तपासणी कुणी केली नव्हती.

(१९ फेब्रुवारी ही तारीख लक्षात ठेवा. आपल्याकडे शिवजयंती. तिकडे १९२३ मध्ये थिंड, १९४२ मध्ये जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत कोंडणारा रूझवेल्ट यांचा आदेश, आणि २०२५ च्या आदेशातली मर्यादाही १९ फेब्रुवारीच. त्यानंतर जन्मलेल्या मुलांना तो लागू व्हायचा होता.)

आता खरी गोष्ट. खटला थिंड यांचा होता, पण सरकारने तो निकाल हातात घेऊन आधीच नागरिक झालेल्या हिंदी लोकांवर एकेक दावा लावायला सुरुवात केली. यांना नागरिकत्व चुकीने दिलं, ते रद्द करा. मजुमदार यांचं गेलं. सॅन फ्रान्सिस्कोचे दुकानदार वैष्णोदास बगाई १९२१ मध्ये नागरिक झाले होते, त्यांचंही गेलं. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात जो नागरिक होऊच शकत नाही त्याला जमीन धरता येत नसे, त्यामुळे घर-दुकानही हातातून निसटलं. १९२८ मध्ये हिंदुस्थानात नातेवाइकांना भेटायला जायचं होतं तर अमेरिकेने पासपोर्ट नाकारला. ब्रिटिश पासपोर्टवर जा म्हणाले, जो टाकण्यासाठी तर ते अमेरिकेत आले होते. त्यांनी आत्महत्या केली आणि मागे वर्तमानपत्राला पत्र ठेवलं.

आणि आता सखाराम गणेश पंडित. १८७५ चा जन्म, अहमदाबादचा. १९१४ मध्ये लॉस एंजेलिसला नागरिक झाले, १९१७ मध्ये कॅलिफोर्नियात वकिलीची सनद घेतली. थिंड यांच्या वकिलांमध्ये हेच होते. तो खटला हरल्यावर सरकारने पुढचा दावा यांच्यावरच लावला. यांनी बाजू मांडताना वंशाचा मुद्दा जवळजवळ सोडून दिला. म्हणाले, १९१४ मध्ये सरकार कोर्टात हजर होतं, आक्षेप घेतला होता, हरलं होतं आणि अपिलात गेलं नव्हतं. त्या निकालावर विसंबून मी वकील झालो, घर घेतलं, एका अमेरिकन बाईशी लग्न केलं. आज माझं नागरिकत्व काढलंत तर सनद जाते, घर जातं, आणि १९२२ च्या कायद्यामुळे माझ्या बायकोचं, जिचा जन्म इथलाच आहे, तिचंही नागरिकत्व जातं.

जिल्हा कोर्टाने मानलं. १९२६ मध्ये नवव्या सर्किटच्या (पश्चिमेकडच्या राज्यांच्या) अपील कोर्टाने कायम केलं. १९२७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सरकारची याचिका ऐकायलाच नकार दिला, आणि सरकारने उरलेल्या हिंदी लोकांवरचे दावे गुंडाळले.

मला यात खुपतं ते हे. थिंड हरले तेव्हा सगळे हरले. पंडित जिंकले तेव्हा कागदोपत्री एकटे पंडित जिंकले. बाकीचे वाचले ते सरकारने हात आवरला म्हणून. ज्यांचं आधीच गेलं होतं त्यांना काहीही परत मिळालं नाही. जून २०२५ च्या निकालात कोर्टाने नेमकं हेच तत्त्व उचलून धरलंय की जो दारात आला त्यालाच दिलासा. बोला आता.

चष्मिष

मस्त लिहिलंय. पण मला मुळातच एक कळलं नाही. एका माणसाच्या खटल्याने दुसऱ्याचं नागरिकत्व कसं जाईल? बगाई यांनी तर काहीच केलं नव्हतं.

गोदाकाठ

@चष्मिष, आपोआप गेलं नाही, म्हणून तर एकेकावर वेगळा दावा लावावा लागला. १९०६ च्या कायद्यात सोय होती की नागरिकत्व फसवून किंवा बेकायदा मिळवलं असेल तर सरकारने दिवाणी दावा करून रद्द करून घ्यावं. थिंड निकालानंतर सरकार म्हणायला लागलं की हिंदी माणूस गोरा नाही, म्हणजे त्याचं नागरिकत्व पहिल्या दिवसापासून बेकायदा. पुढे खालच्या कोर्टाला सुप्रीम कोर्टाचा निकाल बांधील, त्यामुळे लढायला उरलंच काय? ज्याच्याकडे वकील नाही तो तर सुनावणीआधीच संपला. पंडित स्वतः वकील होते ही गोष्ट छोटी नाही.

सातारी_मिरची

लेख आवडला, पण एक गोष्ट तुम्ही हळूच टाळून गेलात. थिंड यांच्या बाजूने कोर्टात काय मांडलं गेलं तेही लिहा की. उच्चवर्णीय हिंदू माणूस रक्ताने आर्य आहे, आणि लग्नाच्या बाबतीत तो इथल्या मूळनिवासींकडे तसाच बघतो जसा अमेरिकन माणूस निग्रोकडे. हे त्यांच्याच लेखी युक्तिवादात आहे. आम्ही पण तुमच्यासारखेच वरचे, आम्हालाही लोकांना खाली ठेवता येतं, म्हणून आत घ्या. दार उघडा म्हणत नव्हते, आमच्यापुरती फट ठेवा म्हणत होते.

गंमत बघा, थिंड अमेरिकेत उतरले त्याच १९१३ मध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबियात दाखल झाले होते. मे १९१६ मध्ये त्यांनी तिथे जातिसंस्थेवर निबंध वाचला, आणि सहासात वर्षांत त्याच देशाच्या कोर्टात आपले लोक जात हीच गुणपत्रिका म्हणून दाखवत होते.

गोदाकाठ

बरोबर आहे, ते वाक्य आहे आणि वाचताना अंगावर येतं. थिंड स्वतः शीख, त्यांच्या बाजूने उच्चवर्णीय हिंदू असा दावा, हा आणखी एक विनोद. (त्या काळी अमेरिकेत हिंदुस्थानातल्या सगळ्यांनाच सरसकट हिंदू म्हणत.) एवढंच म्हणेन की चौकट कायद्याने घातली होती. गोरा किंवा काळा, यापलीकडे तिसरा रकाना नव्हता. १९०९ पासून जो जो आशियाई कोर्टात गेला त्यातल्या बहुतेकांनी गोरेपणाच सिद्ध करायचा प्रयत्न केला.

सातारी_मिरची

चौकट कायद्याची, पण त्यात बसायला जी कागदपत्रं काढली ती घरून आणलेली होती. असो. पंडितांनी दुसऱ्या वेळी तो मुद्दा बाजूला ठेवला हे त्यांच्या बाजूने नोंदवते.

खडूस_सदाशिव

सखाराम गणेश पंडित. हे नाव मराठी नाही तर काय आहे? अहमदाबाद-बडोद्यात शेकडो मराठी घरं होती. बिनधास्त आपला म्हणा.

तिरकस

खडूसकाका, जिंकला म्हणून आपला. हरला असता तर गुजराती ठरवला असता तुम्ही त्याला.

खडूस_सदाशिव

हरलेल्यांतही आपलेच जास्त असतात हो. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे बघा, ओरेगन-वॉशिंग्टनमध्ये शेतकी शिकले, गदर या क्रांतिकारक पक्षात शिरले आणि शेवटी मेक्सिकोत जाऊन मक्यावर संशोधन केलं. अमेरिकेचं नुकसान. बाकी चालू द्या.

ॲड_भाऊ

कोल्हापुरात दिवाणी वकिली करतो, अमेरिकन कायद्याचा अधिकारी नाही, पण पंडितांची खेळी वाचून हात जोडले. आमच्याकडे यात दोन गोष्टी दिसतील. एक विबंध, म्हणजे तुझ्या शब्दावर मी घर बांधलं, आता तू फिरू शकत नाहीस. दुसरी रेस ज्युडिकाटा, दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ११. एकदा दोन्ही पक्ष हजर राहून निकाल लागला, अपील केलं नाहीस, तर तेच पुन्हा उकरता येत नाही. सरकारविरुद्ध विबंध चालवणं भारतातही महाकठीण. सरकारी वकील उठून म्हणतो की कायद्याविरुद्ध विबंध नसतो, आणि साहेब मान डोलावतात.

"निकाल कुणापुरता" याबद्दल आपल्याकडची स्थिती वेगळी आहे. संसदेचा कायदा एखाद्या उच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला तर त्याचा परिणाम देशभर होतो, असं सुप्रीम कोर्टाने २००४ मध्ये कुसुम इनगॉट्स प्रकरणात म्हणून ठेवलंय. ताजं उदाहरण मुंबईचंच. केंद्राच्या आयटी नियमांतलं फॅक्ट चेक युनिट सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केलं. तेव्हा "हे फक्त याचिका करणाऱ्या कुणाल कामरापुरतं" असं कुणी म्हटलं नाही. नियम गेला तो सगळ्यांसाठी गेला.

तिरकस

आता मी थोडी उलटी बाजू घेतो, कारण इथे सगळ्यांच्या माना एकाच दिशेला हलतायत.

अमेरिकेत ९४ संघराज्य जिल्हे आहेत आणि त्यांत सहाशेच्या वर न्यायाधीश. भारतातल्या २५ उच्च न्यायालयांशी तुलना करू नका. या सहाशेतला कुठलाही एक माणूस उठून अख्ख्या देशाचं धोरण थांबवू शकतो, हे तुम्हाला बरोबर वाटतं? सरकारला सगळीकडे जिंकावं लागतं, विरोधकाला एकदाच. मग लोक न्यायाधीश बघून गाव निवडतात. २०१५ मध्ये ओबामांची कागदपत्रं नसलेल्या पालकांसाठीची योजना टेक्ससमधल्या एका न्यायाधीशानेच देशभर रोखली होती, आणि ती पुन्हा उठलीच नाही. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टात ४-४ झालं आणि विषय संपला. तेव्हा इथलेच लोक "एक जज्ज कोण लागून गेला" म्हणत होते. बायडन यांच्या काळातही तेच झालं. आपल्या बाजूचा निकाल आला की घटनेचा विजय, दुसऱ्याचा आला की न्यायालयीन अतिक्रमण.

न्या. बॅरेट यांनी जूनच्या ६-३ निकालात लिहिलेलं तर्काला धरून आहे. १७८९ च्या कायद्याने कोर्टांना जे अधिकार दिले ते त्या वेळच्या इंग्लिश चॅन्सरी कोर्टाच्या (न्यायबुद्धीने दिलासा देणाऱ्या कोर्टाच्या) धर्तीचे, आणि चॅन्सरी कोर्ट समोर नसलेल्या माणसाला दिलासा देत नसे. पटत नसेल तर संसदेने कायदा बदलावा.

मीनल_एनजे

@तिरकस, तर्काचं ठीक आहे हो. मी त्या तर्कात राहिलेय.

आमचं बाळ यंदा एप्रिलचं. आम्ही दोघंही एच-१बी (नोकरीच्या) आणि एच-४ (कुटुंबीयांच्या) व्हिसावर, म्हणजे आदेशात जे "कायदेशीर पण तात्पुरते" लिहिलंय ते आम्हीच. आम्ही न्यू जर्सीत. आदेशाविरुद्धच्या खटल्यात आमचं राज्य दावेदार होतं, त्यामुळे जूनच्या निकालानंतरही "बहुतेक तुम्हाला अडचण नाही" असं सगळे म्हणाले. माझी मैत्रीण नदीपलीकडे, फिलाडेल्फियाच्या बाजूला. पेनसिल्व्हेनिया त्या खटल्यात नव्हतं. तिची तारीख ऑगस्टची. पुलावरून वीस मिनिटांचं अंतर. नवऱ्याच्या कंपनीच्या वकिलांनी तिला ईमेल लिहिला, त्यात अर्धं पान "हा कायदेशीर सल्ला समजू नये" असं होतं आणि उरलेल्या अर्ध्यात काहीच नव्हतं. ती मला विचारत होती, तुमच्या इकडे येऊन बाळंत होऊ का? सातव्या महिन्यात. विमा तिकडचा, डॉक्टर तिकडची.

बाळाला अमेरिकेचं नागरिकत्व नसेल तर ते कुठल्या व्हिसावर इथे आहे? जन्मल्या दिवशी एच-४ चा अर्ज करायचा का? भारतीय पासपोर्ट काढायला वाणिज्य दूतावासात जायचं तर तोवर ते काय? याचं उत्तर चॅन्सरी कोर्टाकडे आहे का?

तिरकस

मीनलताई, उत्तर नाही, आणि तुमच्या मैत्रिणीवर जे गुदरलं त्याचं समर्थन करत नाहीये. पण त्याच निकालाने एक दार उघडं ठेवलं होतं ना? सामूहिक दावा. १० जुलैला न्यू हॅम्पशायरचे न्या. लाप्लांट यांनी आदेशाखाली येणाऱ्या सगळ्या मुलांचा एक वर्ग मानला आणि त्या वर्गापुरती स्थगिती दिली. वर्ग देशभराचा, म्हणजे दिलासाही देशभराचा. दोन आठवडेसुद्धा लागले नाहीत.

मीनल_एनजे

ते दोन आठवडे तुम्ही मोजले नाहीत, आम्ही मोजले. पण हो, तिची मुलगी त्या वर्गात येते. पासपोर्टही आला. आता सुप्रीम कोर्ट काय करतं ते बघायचं.

ॲड_भाऊ

तिरकस, मुद्दा मान्य, तरी एक प्रश्न. जूनच्या निकालाआधी सरकारने सुप्रीम कोर्टाकडे काय मागितलं होतं? आदेश घटनेला धरून आहे की नाही, हे ठरवा असं नाही. स्थगितीची व्याप्ती तेवढी कमी करा असं. मूळ प्रश्नावर खालच्या कोर्टांत एकामागून एक हरत असताना तो प्रश्नच वर न्यायचा नाही. मग जो कोर्टात आला त्याच्यापुरतं सरकार हरणार, जो आला नाही त्याच्यावर आदेश चालू. न्या. सोटोमायर यांचा विरोधी निकाल याच मुद्द्यावर तापलेला आहे. आमच्याकडे भूसंपादनात हे रोज बघतो. एका शेतकऱ्याला कोर्टाने वाढीव मोबदला दिला तर त्याच गटातला शेजारी कोर्टात येईपर्यंत खातं त्याला जुन्याच दराने पैसे देतं.

गोदाकाठ

भाऊसाहेब, मूळ प्रश्न आता पोचलाय. ५ डिसेंबरला कोर्टाने तो सुनावणीला घेतला.

तिथे खरी लढाई १८९८ च्या वाँग किम आर्क निकालावर होईल. सॅन फ्रान्सिस्कोत १८७३ मध्ये जन्मलेला चिनी जोडप्याचा मुलगा. चीनला जाऊन १८९५ मध्ये परत आला तर बंदरावरच अडवला, नागरिक नाहीस म्हणून. ६-२ ने कोर्टाने त्याच्या बाजूने सांगितलं की अमेरिकी घटनेच्या चौदाव्या दुरुस्तीप्रमाणे इथे जन्मला तो नागरिक. अपवाद परकीय वकिलातींतल्या अधिकाऱ्यांची मुलं, शत्रूने व्यापलेल्या भागातली मुलं आणि तेव्हाच्या हिशेबाने मूळ अमेरिकी जमातींतली. सरकारचं म्हणणं असं की वाँगचे आईबाप कायमचे रहिवासी होते, म्हणून तो निकाल तेवढ्यापुरता. व्हिसावर आलेल्यांना तो लागू नाही.

मला हे लंगडं वाटतं. त्याच आईबापांना १८८२ च्या कायद्याने कधीच नागरिक होता येणार नव्हतं. "तुमची मुळं इथे रुजू देणार नाही" असं सरकारने छापून दिलेल्या माणसांच्या पोराला कोर्टाने नागरिक म्हटलं. आणि चौदावी दुरुस्ती १८६८ मध्ये आली तीच मुळी काळ्या माणसाला नागरिक न मानणारा ड्रेड स्कॉटचा निकाल पुसायला. काळ्या माणसाला नागरिक मानायचं की नाही, हे पुन्हा कुठल्या सरकारच्या किंवा कोर्टाच्या मर्जीवर राहू नये म्हणून.

तिरकस

भारताबद्दल कुणी बोलणार आहे का? आपल्याकडे १ जुलै १९८७ पासून नुसत्या जन्माने नागरिकत्व मिळत नाही, आईबापांपैकी एक भारतीय लागतो. ३ डिसेंबर २००४ पासून तर दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा अशीही अट आहे. मुंबईत जन्मलेल्या बांगलादेशी मुलाबद्दल इथे धागा काढा, मग बघू किती जण चौदाव्या दुरुस्तीची आरती करतात.

सातारी_मिरची

टोला बसला. पण फरक एवढा की आपल्याकडे तो बदल संसदेत कायदा करून झाला, एका सहीने नाही. बरा-वाईट वेगळा प्रश्न.

निवांत_काका

मी १९८६ चा इथला, शिकागोजवळ. १९९८ ला नागरिकत्वाची शपथ घेतली. मला वेगळीच धास्ती आहे. बगाईंसारखं आमचं आज काढून घेऊ शकतात का? मुलगा म्हणतो बाबा, उगीच काळजी करता. तो इथेच जन्मला, त्याला काय जातंय.

ॲड_भाऊ

काका, यावर मी गेल्या महिन्यात बरंच वाचलंय, कारण भाचा तिकडे आहे.

वंशावरून आता शक्य नाही. १९४६ मध्ये हिंदी लोकांवरची बंदी उठली (वर्षाला शंभर जणांचा कोटा होता, हसू नका), आणि १९५२ मध्ये वंशाची अट पूर्णच गेली. थिंड यांना त्याआधीच, १९३६ मध्ये, माजी सैनिक म्हणून नागरिकत्व मिळालं. तिसऱ्या खेपेला.

शिक्षा म्हणूनही काढता येत नाही. पोलंडमध्ये जन्मलेले बेस ॲफ्रोयिम नावाचे चित्रकार १९२६ मध्ये अमेरिकेचे नागरिक झाले होते. १९५१ मध्ये त्यांनी इस्रायलच्या निवडणुकीत मत दिलं, म्हणून १९६० मध्ये त्यांचा पासपोर्ट नाकारला. १९६७ मध्ये सुप्रीम कोर्टाने ५-४ ने सांगितलं की नागरिकाने स्वतःहून सोडल्याशिवाय काँग्रेसला ते काढून घेता येत नाही.

एक फट उरते, नागरिकत्व मुळात फसवून मिळवलं होतं ही. तिथेही २०१७ मध्ये मास्लेन्याक प्रकरणात कोर्टाने सरकारला आवर घातला. तुम्ही एक क्षुल्लक गोष्ट खोटी सांगितली एवढ्यावर फौजदारीने नागरिकत्व काढता येत नाही. त्या खोटेपणाचा नागरिकत्व मिळण्याशी संबंध हवा. मात्र दिवाणी दावा ही वेगळी वाट अजून आहे. त्यात ज्युरी नाही, सरकारी खर्चाने वकील नाही, मुदतीची मर्यादा नाही. पुरावा भक्कम लागतो, हाच काय तो आधार. जून २०२५ मध्ये न्याय खात्याने आपल्या वकिलांना असे दावे प्राधान्याने चालवा असं लेखी कळवलंय.

गोदाकाठ

यात भर. राजकारणासाठी हे आधी झालेलं आहे. एमा गोल्डमन ही अराजकवादी बाई सरकारला नको होती, पण तिचं नागरिकत्व नवऱ्याच्या नावाने आलेलं. १९०९ मध्ये नवऱ्याचंच रद्द केलं. तिचं आपोआप गेलं, आणि १९१९ मध्ये तिला बोटीत बसवून रशियाला रवाना केलं. पंडितांच्या बायकोची भीती हवेतली नव्हती. क्रांतिकारक तारकनाथ दास यांची पत्नी मेरी, जन्माने अमेरिकन, तिचं तर गेलंच होतं.

नवखा_डॅलस

माझा एन-४०० (नागरिकत्वाचा) अर्ज भरून तयार आहे. एक प्रश्न आहे तिथे, तुम्ही कधी असा गुन्हा केला आहे का ज्यासाठी अटक झाली नाही. याला काय लिहायचं? सिग्नल तोडल्याचा दंड भरलाय २०१९ मध्ये. पावती नाही. मित्र म्हणतो 'नाही' टाक, कोण बघतंय.

ॲड_भाऊ

मित्राचं ऐकू नका. आत्ताच वर लिहिलं की मुदतीची मर्यादा नाही. वीस वर्षांनी कुणी बघितलं तर तेव्हा तो मित्र कुठे असेल?

मीनल_एनजे

@नवखा, दंड सांगितला म्हणून अर्ज अडलेला मी कुणाचा पाहिला नाही, लपवलेला पुढे निघाला तर मात्र त्रास. ज्या कोर्टात दंड भरला तिथल्या क्लार्ककडून नोंदीची प्रत मिळते, बऱ्याच काउंटींमध्ये ऑनलाइनच. ती जोडा, मुलाखतीला मूळ न्या. आणि तो गुन्ह्यांचा प्रश्न एखाद्या इमिग्रेशन वकिलाला दाखवूनच भरा, तासाभराची फी जाईल.

नवखा_डॅलस

धन्यवाद ताई. प्रत मागवली, दहा डॉलर.

तिरकस

तुझा खटला आलाच तर पूर्ण नाव दे रे बाबा. शंभर वर्षांनी खडूसकाकांच्या नातवाला तू मराठी होतास की नाही यावर भांडायला बरं पडेल.